वाचकांचे प्रश्न : वारीला निघण्याआधी मुक्काम कुठे करायचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न पायी चालायला निघण्याआधीच्या मुक्कामाचे आहेत. पाऊस सुरू झाला की आपल्याकडे हे प्रश्न येतातच, पण या वेळी किनाऱ्यावरून, म्हणजे हर्णै, देवगड, गुहागर असे लांबलांबून आलेत म्हणून जरा ऐसपैस उत्तरं देतेय. सगळी पत्रं छापायला जागा नाही, चार घेतलीत. नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

नमस्कार ताई, मी हर्णै बंदरावरचा. एक जूनपासून मासेमारी बंद, बोट वर काढून शाकारून झालीय, जाळ्यांची कामं भाऊ बघतोय. आईची खूप वर्षांची इच्छा आहे की एकदा माउलींबरोबर आळंदी ते पंढरपूर चालायचं. तिचं वय ६२, बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत चांगली, अजून बाजारात पाटी घेऊन उभी असते. दोघंच जाणार. आळंदीत मंदिराजवळ लॉज बघतोय तर एकतर फुल आहेत नाहीतर भाडं ऐकूनच गप्प बसावं लागतं. कोण म्हणतं धर्मशाळेत जा, कोण म्हणतं दिंडी पकड, पुण्यातला मित्र म्हणतो माझ्याकडे राहा आणि प्रस्थानाच्या दिवशी सकाळी जा आळंदीला. काय करू?

दादा, पहिली गोष्ट म्हणजे वेळ अगदी बरोबर निवडलीत. आपल्याकडे शेतकरी घरातल्या लोकांना आषाढी वारी जमत नाही कारण लावणी नेमकी त्याच दिवसांत येते, पण दर्यावरच्या माणसाला ती बरोबर जमते. बंदी १ जून ते ३१ जुलै, आणि आषाढी २०२४ ला १७ जुलैला होती, २०२५ ला ६ जुलैला, २०२६ ला ज्येष्ठ अधिक आल्यामुळे २५ जुलैला, म्हणजे तिन्ही वर्षी बंदीच्या आतच. नारळीपौर्णिमेच्या तयारीला तुम्ही आरामात घरी असाल.

आता मुक्काम. तुमच्या मेसेजमध्ये सगळा जोर 'मंदिराजवळ' या एका शब्दावर आहे आणि माझं म्हणणं असं की तोच शब्द आधी सोडा. आळंदीत प्रस्थानाच्या आदल्या दोन दिवसांत मंदिराजवळची खोली म्हणजे रात्रभर स्पीकर, खाली रस्त्यावर माणसांचा लोंढा, आणि खोलीतून बाहेर पडायचं तरी अर्धा तास लागणार. दर्शनाला जवळ पडतं हे खरं पण दर्शनाची रांग काही तुमच्या लॉजच्या दारातून सुरू होत नाही, ती जिथून असते तिथूनच लागते, जवळ राहून रांग कमी होत नाही. मुक्काम निवडताना फक्त दोन गोष्टी बघायच्या. रात्री आईला चार-पाच तास सलग झोप मिळेल का, आणि सकाळी ज्यांच्याबरोबर चालायचं ती माणसं तिथेच असतील का. बाकी एसी, गिझर, टीव्ही, बाल्कनी यातलं काहीही पुढच्या पंधरा-वीस दिवसांत मिळणार नाहीये, त्यामुळे त्या एका रात्रीसाठी त्याच्यामागे पैसे घालवू नका.

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते. माउलींच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं, पण त्या दिवशी पालखी आळंदी सोडत नाही. दुपारनंतर सोहळा सुरू होतो, मानाच्या दिंड्या आत जातात, अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आलेले असतात ते आत येतात, पादुका पालखीत ठेवतात, आणि पालखी मंदिरातून निघून आळंदीतच आजोळघरी मुक्कामाला जाते. या सगळ्याला रात्र होते, कधी कधी बरीच रात्र. आणि दुसऱ्या दिवशी नवमीला सकाळी सहाच्या सुमाराला पालखी पुण्याकडे निघते. म्हणजे झोपायला मध्ये किती वेळ उरला बघा. त्यामुळे तुम्हाला एक नाही, दोन रात्रींचा विचार करायचाय, सप्तमीची आणि अष्टमीची. सप्तमीच्या रात्री भरपूर झोपून घ्यायचं कारण अष्टमीच्या रात्री ती मिळेलच असं नाही.

पुण्यातल्या मित्राकडे राहून अष्टमीला सकाळी आळंदीला जायचं हे एरवी चाललं असतं, पण त्या दिवशी आळंदीकडचे रस्ते गाड्यांना बंद असतात, वाहतूक मोशी, चऱ्होली, मरकळ अशी कुठून कुठून वळवलेली असते, पुण्याची पीएमपी बस कुठे सोडेल तिथून पुढे चालत. आईला चालायला लागायच्या आदल्याच दिवशी उन्हात सात-आठ किलोमीटर उगाच चालवायचं आणि वर खांद्यावर सामान, हे मला पटत नाही. मित्राकडे षष्ठीला जा पाहिजे तर, जेवा, अंघोळ करा, सप्तमीला सकाळी लवकर आळंदीत पोहोचा. स्वारगेटहून आळंदीची बस मिळते.

आणि दिंडी. दोघंच आहात, पहिल्यांदा जाताय, आई ६२ ची, तर दिंडीशिवाय जाऊ नका एवढंच मी ठामपणे सांगेन. दिंडीत नाव घातलं की भिशी भरायची, म्हणजे सगळ्या वारीचे जेवणाचे आणि राहुटीचे पैसे, ती प्रत्येक दिंडीची वेगळी असते, आधी फोन करून विचारा आणि पावती घ्या. त्यात सामानाचा ट्रक येतो, तंबू येतात, दोन वेळचं जेवण येतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आळंदीत उतरायची जागा येते. बऱ्याच दिंड्यांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात, अमुक धर्मशाळा, तमुक मठ, एखादं मंगल कार्यालय, म्हणून तर तुम्ही बाहेरून फोन करता तेव्हा धर्मशाळा फुल सांगतात, ती खरंच फुल असते, दिंड्यांसाठीच. दापोली, खेड, चिपळूण भागातून जाणारी माणसं ज्या दिंडीत चालतात ती कुठली हे तुमच्या गावातल्या विठ्ठलमंदिरात नाहीतर एखाद्या माळकऱ्याला विचारलंत तरी कळेल. ओळखीच्या माणसाकडून गेलेलं केव्हाही बरं. आईला बोलायला आपल्याकडची बाई मिळाली की निम्मं काम झालं.

दिंडीच्या जागी उतरलात तर काय असेल तेही सांगून ठेवते म्हणजे बघून दचकायला नको. एक मोठा हॉल असतो, फरशी, त्यावर सतरंज्या, बायका एका बाजूला पुरुष एका बाजूला किंवा वरच्या मजल्यावर. खिडकीपासून खांबापर्यंत दोऱ्या बांधलेल्या, त्यावर ओली लुगडी, धोतरं, टॉवेल. प्लगचा एकच बोर्ड आणि त्याला लोंबकळणारे पंधरा-वीस चार्जर, प्रत्येकावर कोणीतरी चिंधी बांधून खूण केलेली. दहाला दिवे गेले तरी कोपऱ्यात कोणाचा तरी हरिपाठ चालू असतो, कोण घोरतं, कोण उठून पाणी पितं. आणि तीन वाजता, पहाटेच्या तीन, बादल्यांचा आवाज सुरू होतो. संडास-अंघोळीची रांग तेव्हापासून. आईला सांगा की तीनच्या आधी, अडीचला उठून आटोपून घ्यायचं आणि परत अर्धा तास पडायचं, ज्या बायका दरवर्षी येतात त्या हेच करतात. झोपायची जागा दाराजवळ घेऊ नका, रात्रभर ये-जा असते, आणि पंख्याखालीही नको कारण ओल्या कपड्यांचा गारवा लागून पहिल्याच दिवशी अंग धरतं. भिंतीकडेची जागा बघा. कानात घालायला कापूस, अंगावर घ्यायला एक चादर, डासांचं मलम, बस.

दिंडीचा नंबर कागदावर लिहून आईच्या पिशवीत, कमरेच्या बटव्यात आणि तुमच्या खिशात, तिन्हीकडे ठेवा. नुसता नंबर लिहून उपयोग नाही बरं का, 'रथापुढे' की 'रथामागे' तेही लिहा. रथाच्या पुढच्या दिंड्यांचे नंबर वेगळे आणि मागच्यांचे वेगळे, म्हणजे बारा नंबरची दिंडी पुढेही असते आणि मागेही. नुसतं बारा नंबर म्हणून शोधत माणूस दोन-तीन किलोमीटर उलटा चालत जातो. मोबाईलवर विसंबू नका, एवढ्या गर्दीत नेटवर्क असून नसल्यासारखं.

जाताना गाडीचं बघा. दापोलीहून पुण्याची एसटी ताम्हिणीतून जाते, पावसात घाटात दरड येणं हे काही नवीन नाही, तर रात्रीची गाडी घेऊ नका, सकाळची घ्या आणि एक दिवस हाताशी ठेवून निघा. आईला एसटीत अर्धं तिकीट आहे, बायकांना सगळ्यांनाच आहे. बीपीच्या गोळ्या पूर्ण वारीच्या आणि वर आठ दिवसांच्या घ्या, निम्म्या तिच्याजवळ निम्म्या तुमच्याजवळ, ट्रकमध्ये टाकलेल्या पिशवीत अजिबात नको. ट्रक संध्याकाळपर्यंत भेटत नाही.

आणि इंद्रायणीत स्नान जरूर करा, आईला कोण अडवणार, पण ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका, चूळसुद्धा भरू नका. नदीवर पांढरा फेस येतो ते फोटो तुम्ही बघितलेच असतील, वरच्या शहराचं आणि कारखान्यांचं पाणी त्यात येतं. लिहितानाही वाईट वाटतं पण सांगायला हवं. पिण्याचं पाणी दिंडीचं किंवा टँकरचं, आणि आपली बाटली.

मी देवगडचा, वय २३. एकटाच जायचा विचार आहे, दिंडीबिंडी नको, मोकळं चालायचंय. एकट्या पोराला आळंदीत कोण रूम देईल का? नाही मिळाली तर कुठेही झोपलं तर चालतं का?

मोकळं चालणारे भरपूर असतात, त्यांना मोकळे वारकरीच म्हणतात, त्यात काही वावगं नाही. एकट्याला रूम मिळायला त्या दोन दिवसांत अवघड जातं हे मात्र खरं, कारण तीच रूम चार माणसांना देता येते. आधार कार्ड बरोबर ठेव, झेरॉक्स पण ठेव. माझं ऐकशील तर रूम शोधत फिरूच नकोस, संध्याकाळी उजेड असेपर्यंत एखाद्या धर्मशाळेच्या किंवा मठाच्या ऑफिसात जाऊन सरळ सांग की एकटा आहे, ओसरीवर पडायला जागा मिळेल का, सकाळी झाडूनपुसून देईन. आळंदीत वारकरी शिक्षण घेणारी तुझ्याच वयाची मुलं ठिकठिकाणच्या संस्थांमध्ये राहतात, जोग महाराजांची संस्था तर १९१७ पासूनची, या मुलांना विचारलंस तर कुठे जागा आहे ते बरोबर सांगतात. घाटावर उघड्यावर झोपू नकोस, वरून पाऊस झाला तर नदीचं पाणी चढतं आणि फोन-पाकीट सकाळपर्यंत राहील याची खात्री नाही. रस्त्याच्या कडेला, थांबलेल्या ट्रकच्या पुढे-मागे-खाली तर कधीच नाही. हे मी पुन्हा सांगते, कितीही दमलास तरी ट्रकखाली सावली बघून झोपायचं नाही.

आणि आईला रोज संध्याकाळी एक मेसेज टाक.

ताई, आम्ही दोघी मैत्रिणी गुहागरच्या, मी ५८ ची, ती ६१ ची. दोघींचे गुडघे जेमतेम. पूर्ण वारी झेपणार नाही हे माहीत आहे म्हणून आळंदी ते सासवड एवढंच करायचं ठरवलंय. माझी भाची दिघीला राहते, ती म्हणते मावशी इथेच राहा. पण मैत्रीण म्हणते की आळंदीत मुक्काम केल्याशिवाय वारी सुरू कशी होणार, तिने एक लॉज बुक पण करायला घेतलंय. आमचं यावरून वाजलंय. तुम्हीच सांगा.

काकू, भाचीकडेच राहा. आणि मैत्रिणीला वाटतंय ते चुकीचं नाही, आळंदीच्या मातीला पाय लागूनच निघायचं ही भावना आहे आणि ती जपायलाच हवी, फक्त त्यासाठी प्रस्थानाच्याच रात्री तिथे झोपायला हवं असं नाही. तुम्ही तीन-चार दिवस आधी, पंचमीच्या आसपास जा आळंदीला. गर्दी वाढायला लागलेली असते पण हलता येतं. समाधीचं दर्शन घ्या, अजानवृक्षाखाली बसा, हैबतबाबांच्या पायरीला हात लावा, ती चांगदेवांच्या भेटीची भिंत बघून या, वेळ असेल तर सिद्धबेटावर जाऊन या. संध्याकाळी परत दिघीला. तुमची वारी तिथूनच सुरू झाली म्हणा की.

आता दिघी का म्हणते. नवमीला पालखी आळंदीहून निघते ती दिघी, विश्रांतवाडी अशीच पुण्यात येते. माउली तुमच्या भाचीच्या जवळून जाणार आहेत! आळंदी ते भवानी पेठ पंचवीसहून जास्त किलोमीटर पडतं, त्यातला पहिला टप्पा तुमचा वाचतो आणि रात्रीची पूर्ण झोप, स्वतःचा संडास, गरम पाण्याची अंघोळ हे सगळं घरातलं मिळतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला आळंदीत सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो माहितेय का, चालण्याचा नाही, भारतीय पद्धतीच्या संडासात रांग लावून बसण्याचा आणि फरशीवरून उठण्याचा. हे कोणी बोलत नाही म्हणून बायका पाणी कमी पितात, आणि मग उन्हात चक्कर येते. पाणी कमी पिऊ नका. रस्त्याला फिरती शौचालयं असतात, निर्मल वारीचे स्वयंसेवक असतात, विचारायला लाजू नका.

पुण्यात पालखी दोन रात्री असते, माउली भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. पेठांमध्ये मुक्काम करायचा मोह होईल कारण तिथलं वातावरण फार सुंदर असतं, घराघरातून वारकऱ्यांना जेवायला नेतात, कोण पाय चेपून देतं, कोण चपला शिवून देतं. दिवसा जा, मनसोक्त फिरा. पण रात्र हडपसरकडे कुठे काढता आली तर बघा, नातेवाईक, ओळखीचं कोणीही. याचं कारण पुढचा दिवस. पुणे ते सासवड हा सगळ्या वाटेतला मोठा टप्पा, तीसेक किलोमीटर, शेवटी दिवे घाट, आणि त्या दिवशी बहुतेक वेळा एकादशी येते. म्हणजे उपासाच्या पोटी घाट चढायचा. हडपसरला राहिलात तर पहाटेचा शहरातला तुकडा वाचतो आणि पालखी तुमच्यापर्यंत येते. दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत एकाच बाजूने येतात आणि तिथून तुकोबा लोणी काळभोरकडे सोलापूर रस्त्याला लागतात, माउली सासवडकडे. तो फुटायचा क्षण बघायला मिळेल तुम्हाला, मैत्रिणीला हे सांगा, ती लॉजचं बुकिंग आपण होऊन रद्द करेल.

दिवे घाट चढताना गुडघे बोलायला लागले तर थांबा. घाटात गाड्या बंद असतात म्हणून एकदा चढायला लागलं की मधूनच रिक्षा मिळेल असं नाही, अँब्युलन्स असतात पण त्या आजाऱ्यांसाठी. तेव्हा घाटाच्या पायथ्याशी, वडकीला, खरं काय ते ठरवा दोघींनी. राजगिरा लाडू, शेंगदाणे-गूळ, खजूर घ्या, नुसत्या साबुदाण्यावर घाट चढू नका.

एक पर्याय अजून सुचवते, पटला तर. तुकोबांची पालखी देहूहून आदल्या दिवशी, सप्तमीला प्रस्थान ठेवते, पहिली रात्र देहूतच इनामदार वाड्यात, आणि दुसऱ्या दिवशीचा मुक्काम आकुर्डीला. हा पहिला टप्पा माउलींच्या पहिल्या टप्प्याच्या मानाने बराच छोटा आहे, नवख्या पायांना सोसेल असा. त्या वाटेला दिवे घाटही नाही. पनवेल-लोणावळा करून आलात तर लोणावळा-पुणे लोकलने देहूरोड स्टेशनला उतरता येतं, पिंपरी-चिंचवडमध्ये आपल्याकडची माणसं घरटी एक असतातच, त्यांच्याकडे राहून देहू ते पुणे करा दोन दिवसांत. माउलींचीच ओढ असेल तर मात्र माझा आग्रह नाही, ओढ कुठली ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पायांचं एक सांगते, हे सगळ्याच कोकणातल्या लोकांसाठी. आपले पाय जूनमध्ये सतत ओले असतात, अंगणात चिखल, लावणी असेल तर गुडघाभर पाण्यात, बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असतात आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. त्याच पायांनी देशावरच्या डांबरी रस्त्यावर पहिल्या दिवशी पंचवीस किलोमीटर चाललं की कातडी सोलवटून निघते. निघायच्या पंधरा दिवस आधीपासून पाय कोरडे ठेवायला लागा, रात्री कोमट पाण्यात धुऊन, बोटांमधलं नीट पुसून पावडर, चिखल्या असतील तर डॉक्टरांना दाखवून मलम. टाचांना खोबरेल. नवीन बूट घेऊन जाऊ नका, जी चप्पल किंवा सँडल तुम्ही रोज घालता तीच. आणि आपल्याला वाटतं तिथेही असाच पाऊस असेल, तसं नसतं, घाट ओलांडला की पाऊस भुरभुर आणि मध्येच कडक ऊन, जेजुरी-वाल्ह्याकडे तर वारा आणि धूळ. टोपी, उपरणं काहीतरी डोक्याला घ्या.

मी लांज्याचा शेतकरी. लावणीमुळे आषाढी वारी आमच्या नशिबात नाही. कापणी, झोडणी आटपली की नर्मदा परिक्रमेला पायी जायचं मनात आहे, बायको हो म्हणाली, मुलगा शेतीचं बघेन म्हणतो. ओंकारेश्वरहून सुरू करायची असं सगळे सांगतात. तिथे आधी कुठे राहायचं, किती दिवस राहायचं, बुकिंग लागतं का?

कापणी आटपून निघताय म्हणजे वेळ आपोआप बरोबर साधतेय, कारण चातुर्मासात परिक्रमा करत नाहीत, कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीनंतर माणसं परिक्रमा उचलतात, म्हणजे सुरू करतात. एवढ्या लांब जायच्या आधी चार-पाच दिवस सलग चालून बघायचं असेल तर कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला जाणाऱ्या रायगडातल्या दिंड्या आहेत, उरण-पनवेल-खोपोलीकडून बोरघाट चढून त्या जातात, त्यांच्याबरोबर चालून बघा. रोज फरशीवर झोपून सकाळी परत उठून चालता येतंय का हे आळंदीला पोहोचेपर्यंत कळतं, आणि नाही जमलं तर एसटीने घरी येता येतं. अंधारात चालताना चमकणारा पट्टा असलेलं जाकीट अंगावर ठेवा, जुन्या हायवेवर गाड्या फार जोरात असतात.

ओंकारेश्वरला मुक्कामाची जागा निवडताना एक गोष्ट आहे जी इतर कुठल्याही यात्रेत नसते. परिक्रमेचा संकल्प केला की नर्मदा ओलांडायची नाही, होडीने नाही, पुलावरून नाही, परिक्रमा पूर्ण होईपर्यंत नाही. आणि ओंकारेश्वराचं मंदिर आहे बेटावर, नदीच्या पाण्यापलीकडे. ममलेश्वर आहे दक्षिण तटावर. म्हणजे संकल्पाआधी बेटावर जाऊन ओंकारेश्वराचं दर्शन उरकून घ्यायचं आणि परत दक्षिण तटावर यायचं, संकल्प करायचा आणि मग परत पुलाकडे वळायचंसुद्धा नाही. त्यामुळे खोली दक्षिण तटावरच घ्या, बसस्टँड, ममलेश्वर ज्या बाजूला आहे त्या बाजूला. बेटावर छान शांत आश्रम आहेत, कोणी सुचवलं आणि तुम्ही तिथे सामान टाकलंत तर संकल्पाच्या दिवशी पंचाईत. सामान खोलीत बेटावर आणि तुम्ही संकल्प करून अलीकडे, असं नको व्हायला.

शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास ओंकारेश्वरला आहे, स्वच्छता आणि शिस्त शेगावसारखीच, मराठी बोलणारी माणसं, जेवण आपल्या चवीचं. परिक्रमेला निघणाऱ्या मराठी माणसांची तिथे बरीच वर्दळ असते आणि मला वाटतं तेच तिथे राहण्याचं खरं कारण आहे, निघणारे भेटतात तसे पूर्ण करून आलेलेही भेटतात. त्यांच्याजवळ दोन तास बसा. कुठल्या गावात पाणी नाही, कुठल्या आश्रमात गर्दी, शूलपाणीच्या झाडीतून, म्हणजे वाटेतल्या जंगलातून, सध्या कोणती वाट बरी आहे हे ताजं त्यांच्याकडूनच कळतं, छापील पुस्तक तिथे मागे पडतं.

राहायचं दोन रात्री, तीन झाल्या तरी चालतील, पण घाई करून एका रात्रीत उरकू नका. एक दिवस बेटावरच्या दर्शनाला. दुसऱ्या दिवशी क्षौर, स्नान, गुरुजींकडून संकल्प, छोट्या बाटलीत नर्मदेचं जल भरून घेणं, ते पूर्ण परिक्रमाभर बरोबर असतं आणि रोज पूजेला लागतं. परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्रही करून घ्यायचं असतं, त्यासाठी आधार, फोटो, झेरॉक्सचा गठ्ठा घरूनच न्या. संकल्पानंतर त्याच खोलीत परत येऊन झोपण्यापेक्षा थोडं का होईना चाला, पाच-सहा किलोमीटर, आणि पहिला मुक्काम वाटेवरच्या आश्रमात करा. दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालात की नदी उजव्या हाताला राहते, ती शेवटपर्यंत तशीच ठेवायची.

जायला तुम्हाला फारशी अडचण नाही. रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस थेट खंडव्याला जाते, तिथून ओंकारेश्वरला बस. रिझर्व्हेशन मात्र तारीख उघडली की लगेच करा, दिवाळीच्या मागेपुढे त्या गाडीला जागा मिळत नाही. थंडीचं विसरू नका. लांज्यात आपल्याला थंडी म्हणजे काय ते तसं माहीतच नाही, तिथे डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी रात्री चांगलं गारठतं, आश्रमात कधी खोली मिळते कधी नुसता पत्र्याचा मांडव. एक चांगली उबदार स्लीपिंग बॅग, कानटोपी, दोन जोड कपडे. पिशवी भरून झाली की ती पाठीवर घेऊन लांजा बाजारापर्यंत चालत जाऊन या, आणि परत आल्यावर त्यातल्या ज्या तीन-चार वस्तू जड वाटल्या त्या काढून घरीच ठेवा. वहिनी बरोबर येणार आहेत की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत, येणार असतील तर भक्तनिवासात फोन करताना दोघं आहोत हे आधीच सांगा, म्हणजे हॉलऐवजी खोली मिळते का ते बघता येईल.